कपड्यांचं नंतर, आधी रुळांचं बघा

2020 मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर एक अभिनेता विवस्त्र धावला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि आपल्याकडे संस्कृतीवर खडाजंगी झाली. स्पेनने असा वाद 1988 मध्येच मिटवला. कायद्यातलं ‘सार्वजनिक लज्जाभंगा’चं कलम काढून टाकलं. आता बार्सिलोनाजवळच्या न्यूडिस्ट, म्हणजे विवस्त्र वावरायच्या, किनाऱ्यांना खरी काळजी आहे ती रेल्वेची.

बार्सिलोना–मातारो मार्ग 1848 चा, आपल्या बोरीबंदर–ठाण्यापेक्षा पाच वर्षांनी जुना. तो थेट वाळूला चिकटून घातला आहे. दक्षिणेला सिट्जेस गावाच्या पुढे प्लाया देल मुएर्तो या न्यूडिस्ट किनाऱ्याला जाणारी पायवाट रुळांच्या कडेने जाते. गावाजवळच्या किनाऱ्यांना भुयारी मार्ग मिळतात, आडबाजूच्या न्यूडिस्ट किनाऱ्यांना क्वचितच. मग लोक रुळांवरूनच जातात.

हिशेब साधा आहे. दुहेरी मार्ग ओलांडायला सुरक्षित कडेपासून सुरक्षित कडेपर्यंत दहा मीटर. सपाट रस्त्यावर हे आठ सेकंदांचं काम. खडीवर, पायात सपाता, हातात छत्री आणि बर्फाची पेटी असेल तर बारा सेकंद. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात 330 मीटर कापते. वळणावर किंवा खडक फोडून केलेल्या खिंडीत इतक्या लांबचं दिसतच नाही. विजेच्या गाडीचा आवाज लाटा आणि वारा गिळतात. सर्वांत घातक असते दुसरी गाडी: पहिली गेली म्हणून पाऊल टाकावं, तर तिच्याआडून उलट्या दिशेची गाडी येते. वर 3000 व्होल्टची तार असते, म्हणून छत्रीचा किंवा गळाचा लांब दांडा उभा धरून कधीच जाऊ नये.

नुसतं कुंपण घातलं की ते कापलं जातं, कारण माणसाला पलीकडे जायचंच असतं. पण नुसता भुयारी मार्गही पुरत नाही. बार्सिलोनाजवळच्याच कास्तेलदेफेल्सच्या स्थानकात 23 जून 2010 च्या रात्री, सान खुआनच्या सणाला, गाडीतून उतरलेली गर्दी रुळांवरून किनाऱ्याकडे निघाली आणि वेगाने जाणाऱ्या गाडीखाली 12 जण गेले. भुयारी मार्ग तिथे होता. चौकशीत दोष लोकांच्या बेपर्वाईवर आला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. सणाच्या रात्री किती लोक उतरणार हे आधीच माहीत असतं. त्या गर्दीला पुरेल एवढी रुंदी, दूरवरून दिसणारा दिवा आणि फलाटावर उभी माणसं ही रेल्वेची जबाबदारी आहे.

मुंबईत लोकलच्या मार्गावर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, त्यांतली कितीतरी रूळ ओलांडताना, आणि तिथेही ‘लोकांना शिस्त नाही’ हेच ऐकू येतं. वडाळ्याला मात्र 2010 च्या सुमारास वेगळा विचार झाला. रुळांखालचे काही स्लीपर (आडव्या पट्ट्या) पिवळे रंगवले, म्हणजे ते गाडीखाली किती भराभर गडप होतात त्यावरून वेग कळतो. एका लांब शिट्टीऐवजी दोन छोट्या शिट्ट्या ठेवल्या, कारण मधली शांतता कानाला जागं करते. दोन्ही उपाय स्वस्त आहेत आणि स्पेनच्या या किनाऱ्यांवर उद्या करता येतील.

प्लाया देल मुएर्तो काय किंवा रुळांलगतची आपली ‘बेकायदा’ वस्ती काय, पूल बांधला तर तिथे माणसं आहेत हे मान्य करावं लागतं. म्हणून तो बांधायचं टळतं. पायवाट आज जिथे रुळांना भिडते, पूल त्याच जागी हवा. अर्धा किलोमीटर पुढे बांधलात तर कुणी जाणार नाही.