खुलासा: पाच वेळा ‘का’ विचारल्याने मनातलं खरं कारण सापडत नाही

‘स्वतःला पाच वेळा “का?” विचारा, वागण्याचं खरं कारण कळेल’ असा मजकूर फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यांत बिघाड शोधण्यासाठी रुजली. तिथे प्रत्येक उत्तर यंत्र उघडून पडताळता येतं. मनाच्या बाबतीत ती सोय नाही. ‘का’ विचारलं की मन पटण्याजोगं कारण रचून देतं, आणि ते अगदी आठवल्यासारखं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये मांडलेला प्रयोग पाहा. नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने ठेवून लोकांना सर्वांत चांगला निवडायला सांगितला. चारही जोड एकसारखेच होते. तरी ४० टक्के लोकांनी सर्वांत उजवीकडचा निवडला, सर्वांत डावीकडचा फक्त १२ टक्क्यांनी. कारण सांगताना जागेचा उल्लेख एकानेही आपणहून केला नाही. थेट विचारल्यावरही जवळपास सगळ्यांनी जागेचा परिणाम झाल्याचं नाकारलं. हे लोक खोटं बोलत नव्हते. निवड कशी झाली हे त्यांना आतून दिसतच नव्हतं.

त्यामुळे कारणं खणत बसण्यापेक्षा वागणं टिपा. निर्णयाआधीच तारीख घालून लिहा: काय निवडतोय, त्यातून काय होईल असं वाटतं, झोप किती झाली, सोबत कोण आहे. नंतर लिहिलंत तर उपयोग नाही, कारण निकाल कळला की आधीच्या अंदाजाची आठवणही त्याच्याकडे सरकते. आठ-दहा नोंदी झाल्या की काय पुन्हापुन्हा घडतंय ते शोधा. आपण किती बोलतो, कुणाला मध्येच तोडतो, हे मात्र जवळच्या माणसाला विचारा.