‘इंजिन मिळाले, म्हणून जिंकले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकमहोदय,

फॉर्म्युला वनमधील मर्सिडीज संघाच्या उदयावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत चार वेळा वाचली. आपण नाव दिलेले नाही, म्हणून या संबोधनावर भागवतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी ती येथे जशीच्या तशी उतरवतो : “ब्रॉन संघाने २००९ साली नऊ नव्हे, आठ शर्यती जिंकल्या, एवढे तरी तपासावे. २०१४ नंतरचे वर्चस्व संघाचे नव्हतेच, इंजिनाचे होते. ज्याला ते इंजिन मिळाले तो पुढे गेला. बाकी सगळा पैशाचा खेळ. त्या आठ वर्षांत शर्यतीतला जीव गेला, त्याचे गोडवे कसले गाता? मराठवाड्यात बसून टीव्हीवर शर्यती पाहणाऱ्यांनी गॅरेजमधल्या गोष्टी आम्हाला शिकवू नयेत.”

पहिल्या वाक्यातील चूक माझी आहे आणि ती मी मान्य करतो. पुढे ज्याचा मर्सिडीज संघ झाला त्या ब्रॉनने १७ पैकी आठच शर्यती जिंकल्या, सहा जेन्सन बटनने आणि दोन रुबेन्स बॅरिकेलोने. लेखात त्याच दिवशी दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. मात्र ‘एवढे तरी’ या दोन शब्दांची तेथे काय गरज होती, हे मला कळले नाही. बाकीचे काहीच मी तपासलेले नाही, असे त्या दोन शब्दांतून वाचणाऱ्याच्या मनावर ठसते. नऊ वर्षांच्या लेखनात माझ्यावर असा आरोप कोणी केलेला नाही.

आता आपल्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण खरे सांगायचे तर तेच लागले. मराठवाड्यात बसून शर्यती पाहतो, यात लपवण्यासारखे काय आहे? माझे वडील परभणीत डिझेल इंजिने दुरुस्त करायचे. त्या काळी विहिरीवर वीज पोचली नव्हती किंवा पोचली तरी टिकत नव्हती, आणि पाच अश्वशक्तीच्या इंजिनावर शेतकऱ्याचा सारा हंगाम अवलंबून असे. सुट्टीच्या दिवशी मी वडिलांबरोबर शिवारात जात असे. शेतकऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असायची : “इंजिन नवं आहे, पण पाणी ओढत नाही, शेजाऱ्याचं हेच इंजिन बघा कसं चालतंय.” वडील इंजिनाला हात लावण्याआधी विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतो का, पाइपात हवा धरली आहे का, पट्टा तिरका चालतो का, पाणी किती खोल गेले आहे, हे सगळे पाहायचे. दहापैकी आठ वेळा दोष तिथेच निघायचा. पुढे मी स्वतः वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षे काढली. एकाच साच्यातले सुटे भाग दोन यंत्रांवर चढले तर दोन्हींचे माप सारखे येत नाही, हे मी रोज मायक्रोमीटरने पाहिलेले आहे. गॅरेज म्हणजे काय, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही.

आणि केवळ टीव्हीवर म्हणाल, तर तेही खरे नाही. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा मी तिथे होतो. सचखंड एक्सप्रेसने गेलो, तिकिटासाठी सहा महिने पैसे साठवले होते. सेबास्टियन व्हेटेल जिंकला. मर्सिडीजचे मायकेल शूमाकर आणि निको रॉसबर्ग पाचवे आणि सहावे आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या कोणीही त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. त्या वर्षी या संघाला एकही शर्यत जिंकता आली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. माझ्या लेखाचे बीज त्या दिवसाचे आहे. पुढे अजिंक्य ठरलेला संघ मी पाचव्या-सहाव्या जागेवर धडपडताना डोळ्यांनी पाहिला, म्हणून ‘इंजिन मिळाले आणि जिंकले’ हे वाक्य माझ्या पचनी पडत नाही.

आता त्या वाक्याबद्दल. “ज्याला ते इंजिन मिळाले तो पुढे गेला,” असे आपण लिहिता. हे लिहिण्यापूर्वी आपण निकालपत्रक उघडले होते का? २०१४ साली ते इंजिन मर्सिडीजच्या स्वतःच्या संघाबरोबर विल्यम्स, मॅक्लारेन आणि फोर्स इंडिया या तिघांनाही मिळाले होते. पुढच्या काही वर्षांत लोटस आणि मॅनर यांनाही ते मिळाले. २०१४ ते २०१९ या सहा मोसमांत १२१ शर्यती झाल्या. त्यांतल्या ८९ मर्सिडीजने जिंकल्या. उरलेल्या ३२ पैकी ते इंजिन विकत घेणाऱ्या संघांनी किती जिंकल्या? एकही नाही. त्या बत्तीसही शर्यती फेरारी आणि रेड बुल यांनी जिंकल्या, म्हणजे ज्यांच्याकडे मर्सिडीजचे इंजिन नव्हते त्यांनी. ते इंजिन विकत घेणाऱ्याला पहिला विजय मिळायला डिसेंबर २०२० उजाडावा लागला, साखीरच्या शर्यतीत, रेसिंग पॉइंटच्या सर्जिओ पेरेझच्या हातून.

ऑस्ट्रियातील २०१४ ची शर्यत आठवून पाहा. पात्रता फेरीत विल्यम्सचे फेलिपे मासा आणि वाल्टेरी बोटास पहिल्या आणि दुसऱ्या जागी होते, मर्सिडीजचे दोघे मागे. इंजिन तेच, आघाडी विल्यम्सची. शर्यत संपली तेव्हा रॉसबर्ग पहिला, लुईस हॅमिल्टन दुसरा, बोटास तिसरा आणि मासा चौथा होता. मग २०१८ आणि २०१९ या वर्षांची गुणतालिका पाहा : अगदी वर मर्सिडीज आणि अगदी तळाशी विल्यम्स, दोघांच्या पाठीत एकाच कारखान्याचे इंजिन. २०१९ साली विल्यम्सला अख्ख्या मोसमात एक गुण मिळाला. माझ्या वडिलांना हे दोन आकडे दाखवले असते, तर त्यांनी इंजिन सोडून फूट व्हॉल्व्ह कुठे आहे, हेच आधी विचारले असते.

आपण म्हणाल की इंजिन बनवणाऱ्याला स्वतःचे इंजिन अधिक सोयीने वापरता येते. येते, मी ते कधी नाकारलेले नाही, आणि २०१४ चे इंजिन सर्वांत चांगले होते हेही मूळ लेखात स्पष्ट लिहिले आहे. पण ते का चांगले होते, हे आपण वाचलेले दिसत नाही. त्या वर्षी २.४ लिटरच्या आठ सिलिंडरच्या जागी १.६ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो हायब्रिड इंजिन आले आणि शर्यतीला इंधन १०० किलोपुरते मर्यादित झाले. ब्रिक्सवर्थच्या कारखान्यात अँडी कॉवेल यांच्या पथकाने टर्बोचे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्रणेचे, दोन भाग वेगळे केले. हवा दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, गरम वायूवर फिरणारे टर्बाइन मागच्या टोकाला आणि दोघांना जोडणारा लांब दांडा सिलिंडरांच्या मधल्या खोबणीतून, त्यावरच उष्णतेतून वीज काढणारे जनित्र. कॉम्प्रेसर टर्बाइनच्या आगीपासून दूर गेला, आत येणारी हवा तुलनेने थंड राहिली, त्यामुळे ती गार करणारा कूलर लहान पुरला, आणि कूलर लहान झाला म्हणून गाडीच्या कुशी अरुंद करता आल्या. म्हणजे इंजिनाच्या पोटातला हा निर्णय गाडीच्या अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्यापर्यंत पोचत होता. इंजिनवाले ब्रिक्सवर्थला आणि गाडीवाले ब्रॅकलीला. दोन्ही गावे इंग्लंडच्या एकाच नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात असली, तरी गावे जवळ असल्याने माणसे आपोआप एकत्र विचार करू लागत नाहीत. ती एकत्र विचार करू लागली, यालाच मी संघ म्हणतो. आपण ज्याला इंजिनाचा विजय म्हणता, ते इंजिनच त्या संघाच्या हातचे होते.

त्याआधीचा इतिहास आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. ब्रॅकलीच्या त्या संघाची मुळे केन टायरेल या लाकूड व्यापाऱ्याच्या संघात आहेत. त्याच्या गाडीवर जॅकी स्टुअर्ट १९७१ आणि १९७३ साली जगज्जेता झाला. पुढे संघ विकला गेला आणि बीएआर (ब्रिटिश अमेरिकन रेसिंग) या नावाने १९९९ साली उतरला. त्या पहिल्या मोसमात त्याला शून्य गुण मिळाले. मग होंडाने तो घेतला आणि २००८ च्या डिसेंबरात सोडून दिला. संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी तो एका पौंडाला घेतला. होंडाच्या इंजिनासाठी आखलेल्या गाडीचा मागचा भाग कापून त्यात मर्सिडीजचे इंजिन बसवावे लागले, आणि तीच गाडी पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकली. त्याच वर्षी तेच इंजिन आदल्या वर्षीच्या जगज्जेत्या हॅमिल्टनच्या मॅक्लारेनमध्येही होते, आणि मोसमाच्या पहिल्या अर्ध्या भागात मॅक्लारेन चाचपडत होती. फरक पडला तो दुमजली डिफ्यूझरने, म्हणजे गाडीच्या तळाखालची हवा मागून बाहेर काढून गाडी जमिनीला चिकटवणाऱ्या भागाने. तोही टोयोटा आणि विल्यम्सकडे होता, पण त्याभोवती अख्खी गाडी इतकी नीट जुळवलेली ब्रॉनकडेच होती.

त्यानंतर संघ मर्सिडीजने घेतला. ती पुढची चार वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात, आणि नेमकी तीच आपण ओलांडून गेलात. २०१० साली चौथा क्रमांक, २०११ साली चौथा, २०१२ साली पाचवा. या काळात फेरारीतून गाडीचे आरेखक आल्डो कोस्टा आले, २०१२ मध्ये माजी जगज्जेते निकी लाउडा आणि २०१३ मध्ये संघाची धुरा घेणारे टोटो वोल्फ आले, आणि हॅमिल्टन मॅक्लारेन सोडून आला, तेव्हा त्याची अक्कल काढणारे कमी नव्हते. २०१३ च्या स्पेनमधल्या शर्यतीत रॉसबर्ग आणि हॅमिल्टन पहिल्या-दुसऱ्या जागेवरून सुटले आणि सहावे आणि बारावे आले, कारण गाडी मागचे टायर खाऊन टाकत होती. एका फेरीत सर्वांत वेगवान असलेली गाडी सहासष्ट फेऱ्यांत टिकत नाही, हे दुखणे त्यांनी वर्षभरात शोधून काढले आणि त्या मोसमात दुसरा क्रमांक मिळवला. २०१४ पासूनची सलग आठ सांघिक विजेतेपदे आणि १११ विजय त्या दुखण्याच्या उपचारावर उभे आहेत. इंजिनाचे नियम बदलले नसते तर एवढे झाले असते का, हा प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार मी मानतो; पण आपण प्रश्न विचारलेला नाही, निकाल सुनावला आहे.

पैशाबद्दल एवढेच, की टोयोटाने २००२ ते २००९ प्रचंड खर्च केला आणि एकही शर्यत जिंकली नाही. ‘जीव गेला’ याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. २०१४ ची बहरीनची शर्यत, हॅमिल्टन आणि रॉसबर्ग यांची ती झुंज, ज्याने पाहिली त्याला ती सांगावी लागत नाही, आणि ज्याने पाहिली नाही त्याने जीव गेला असे म्हणू नये.

राहिला आपला सूर. मतभेद मला चालतात. याच लेखाखाली लातूरच्या एका वाचकाने टायरबद्दलचा माझा मुद्दा खोडून काढला आणि मी त्यांचे ऐकले, कारण त्यांनी मुद्दा मांडला होता, माझे गाव काढले नव्हते. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ती आहे तिथेच राहील आणि तिच्याखाली हे उत्तर राहील. आपल्याला उत्तर द्यायचे असेल तर एकाच गोष्टीचे द्यावे. २०२४ साली मॅक्लारेनने सांघिक विजेतेपद मिळवले आणि मर्सिडीज चौथी आली. दोन्ही गाड्यांत इंजिन मर्सिडीजचेच होते. “ज्याला ते इंजिन मिळाले तो पुढे गेला,” या आपल्या वाक्यात यांपैकी कोणता संघ कुठे बसतो, तेवढे लिहून पाठवावे.