बहाव्यावरच्या हिरव्या अळ्यांविषयी खुलासा

‘बहाव्यावर पडलेल्या हिरव्या अळ्या विषारी असून त्यांच्या स्पर्शाने ताप येतो, झाड वाळते, म्हणून तातडीने औषध फवारा’ असा संदेश सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

या अळ्या बहुतेक वेळा कॉमन एमिग्रंट या फिकट पिवळसर फुलपाखराच्या असतात. अंग गुळगुळीत व हिरवे, दोन्ही कुशींवर पांढुरकी रेघ आणि तिच्या वर बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ, अशी त्यांची खूण पान उलटून पाहिल्यास सहज पटते. झाडाखालच्या गाडीच्या टपावर दिसणारे काळे दाणे ही त्यांची विष्ठा आहे. त्यांना केस नाहीत, दंश नाही. कोवळी पालवी त्या फस्त करतात हे खरे; परंतु मुळे धरलेला बहावा काही आठवड्यांत पुन्हा फुटतो. फवारणीने मात्र त्यांना टिपणारे पक्षी आणि गांधीलमाश्याही दुरावतात. लहान रोपावर फारच अळ्या असतील, तर त्या हाताने वेचून मोठ्या बहाव्यावर सोडाव्यात.

खरी काळजी घ्यावी ती शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांची. ते दिवसा खोडावर घोळक्याने चिकटून बसतात, रात्री पाला खातात, आणि त्यांच्या केसांनी अंगाला असह्य खाज सुटते. तेव्हा जाड हातमोजे घालून, दिवसाच, तो घोळका खरवडून साबणाच्या पाण्यात टाकावा.