वर्दी घातली म्हणून मन दगडाचं होत नाही

१७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की मराठवाड्यात एक मेसेज फिरतो: ‘देशासाठी मारणाऱ्याला पाप लागत नाही, गीतेतच सांगितलंय. हुकूम वरचा, जबाबदारी देशाची. पोलीस अ‍ॅक्शनमध्ये कुणाला पश्चात्ताप झाला? ज्याचं मन खातं तो सैनिकच नव्हे.’ गावच्या ग्रुपवर माजी सैनिकही हे वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी गीता. दुसऱ्या अध्यायात ‘नैवं पापमवाप्स्यसि’ आहे, खरंय. पण महाभारत तिथं संपत नाही. शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच जिंकलेला युधिष्ठिर राज्य सोडून वनात जायला निघतो. कर्ण सख्खा भाऊ होता हे कळल्यावर तर तो पार खचलेला. पाप लागलंच नसतं, तर व्यासांनी त्याला पुढं पापक्षालनासाठी अश्वमेध करायला कशाला सांगितला असता?

हुकमाचं म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या खटल्यांतून आलेल्या १९५० च्या न्यूरेंबर्ग तत्त्वांनी ती पळवाट बंद केली. निवडीला वाव असेल तर वरच्या हुकमानं जबाबदारी सुटत नाही.

आता १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी इथं काय केलं ते आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलंय. निजामाची राजवट जायलाच हवी होती. पण त्या कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडकडं निरपराध मुसलमानही मारले गेले. भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं तसा अहवाल दिला. लढाई न्याय्य होती, एवढ्यानं त्यात प्रत्येकाच्या हातून घडलेलं न्याय्य होत नाही.

राहिलं मन खाण्याचं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदार कंदुरीला येतात, पंगतीत वाढतात, पण बोकड कापायच्या वेळी उठून शेताकडं जातात. त्यांना भित्रं म्हणायची छाती आहे कुणाची? व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांकडं बघून अमेरिकी तज्ज्ञांनी १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला जडणारा त्रास, हा आजार मानला. पुढं हेही दिसलं, की काहींना जिवाची भीती नव्हे, स्वतःच्या हातून घडलेलं छळतं. त्याला आता ‘मॉरल इंज्युरी’ म्हणतात. ही जखम त्यालाच होते ज्याला बरं-वाईट कळतं. असाच माणूस मला सीमेवर हवाय.

सुट्टीवर आलेल्या पोराला पारावर बसवून ‘किती टिपले?’ विचारणं आधी बंद करा. मन खात असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. ‘मन खातं तो सैनिकच नव्हे’ असं गावच म्हणत असेल, तर तो नंबर कोण लावेल?