सदाफुलीची चार पानं म्हणजे केमो नव्हे

‘रोज अनशापोटी सदाफुलीची चार पानं चावा, केमोची गरज नाही. केमोचं औषध यापासूनच बनतं, पण डॉक्टर लपवतात. नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. कोथरूड काय, हडपसर काय, सदाफुलीची कुंडी हाताशी असतेच. म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

औषध या झाडातून मिळतं, हे खरं. लपवलंय मात्र काहीच नाही. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुलीतून व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध वेगळं केलं. तपासत होते मधुमेहावरचा गुण, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. पाठोपाठ याच झाडातून केमोचं दुसरं औषध, व्हिन्क्रिस्टिन आलं. फार्मसीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असतं.

आता चार पानांचं बघू. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. मोठ्या माणसाला एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. इतकं काटेकोर का? पेशी दुभंगताना आत जे सूक्ष्म धागे तयार होतात, त्यांना हे औषध तयार होऊ देत नाही, म्हणून कर्करोगाची पेशी अर्ध्यात अडकून मरते. पण तसेच धागे आपल्या मज्जातंतूंतही असतात. म्हणून ठरलेल्या डोसातही हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतं, कधी पाऊल उचलत नाही. पानात तर इतर कितीतरी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली शरीरावर परिणाम करणारी रसायनं, असतात. काहींनी रक्तदाब उतरतो, साखर उतरते. पोटातून त्यातलं किती रक्तात जाईल, याचा भरवसा नाही.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’? व्हिन्क्रिस्टिनही झाडातलंच आहे. ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर माणूस बहुधा वाचत नाही.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात १९६० च्या आधी जवळजवळ कुणी वाचत नसे. आज नीट उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. त्या उपचारांत व्हिन्क्रिस्टिन आहे, पण इतर औषधांच्या जोडीनं, ठरल्या वेळापत्रकानं. ते मोडून पानं चघळण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

घरात कुणाची केमो चालू असेल आणि त्यांनी पानं खाल्ली असतील, तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून गप्प राहू नका. व्हिन्क्रिस्टिनचा निचरा यकृतातून होतो. बुरशीवरच्या काही गोळ्यांनीसुद्धा तो अडतो आणि त्रास वाढतो. म्हणून पोटात काय काय गेलंय, हे त्यांना कळायलाच हवं.