विमान आणि रेल्वे एकत्र आली की तिकीट निम्मं होतं, हे कुणी सांगितलं?

गेले काही दिवस सांगली-कऱ्हाडकडच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की युरोपात विमान कंपन्या आणि हायस्पीड रेल्वे यांची युती झाली, त्यांच्यातली स्पर्धा संपली आणि भाडं निम्म्यावर आलं. विमानाच्या तिकिटात रेल्वे फुकट मिळते, सामान आपोआप पोचतं. ५०० किलोमीटरच्या आतली विमानं कायद्यानं बंद झाली. आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन सुरू झाली की मुंबईत मोकळी झालेली विमानं कऱ्हाडला आणि सांगलीजवळच्या कवलापूरला उतरणार.

एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण कऱ्हाडच्या आमच्या दाजींनी ते खरं धरलं आणि जर्मनीत कोलोनला शिकायला निघालेल्या भाचीला सांगितलं, "रेल्वेचं वेगळं तिकीट काढू नकोस, विमानात येतं ते." तिचं तिकीट मुंबई ते फ्रँकफर्ट एवढंच आहे.

म्हणून आधी तेच घेतो. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, १९९९ पासून. लुफ्तान्झा ही जर्मन विमान कंपनी आणि जर्मन रेल्वे २००१ पासून एकत्र तिकीट विकतात, त्यात गाडीलाही विमानासारखा फ्लाइट नंबर असतो. तुमचं बुकिंगच कोलोनपर्यंतचं असेल आणि विमान उशिरा आलं, तर पुढच्या गाडीत बसवायची जबाबदारी त्यांची. दुसरा प्रकार 'रेल अँड फ्लाय', म्हणजे विमानाच्या तिकिटाला जोडून मिळणारं रेल्वेचं तिकीट. त्यात कुठलीही गाडी पकडता येते, पण परतताना गाडी उशिरा पोचून विमान चुकलं तर नुकसान सहसा तुमचं. काही कंपन्या त्याचे पैसे भाड्यातच धरतात, काही वेगळे घेतात. दोन्हींतलं काहीच तिकिटावर नसेल तर गाडीचं तिकीट स्वतः काढायचं, नाहीतर दंड भरायचा. सामानही आपोआप कुठं जात नाही. पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि आपणच त्या गाडीत चढवायच्या. आणखी एक गोष्ट मेसेजवाल्यानं लिहायला हवी होती. एकत्र तिकिटात परतीचा पहिला टप्पा रेल्वेचा असेल आणि तो सोडून तुम्ही थेट विमानतळावर गेलात, तर पुढचं विमानही रद्द होऊ शकतं. घरापासून हजारो किलोमीटरवर एकट्या पोरीला हे काउंटरवर कळणं म्हणजे काय, याचा फॉरवर्ड करणाऱ्यानं विचार केला होता का?

आता ते 'स्पर्धा संपली म्हणून भाडं निम्मं'. हे वाक्य लिहिणाऱ्यानं सांगलीच्या मार्केट यार्डात एकदा हळदीचा सौदा बघावा. दोन मोठे खरेदीदार आतून एक झाले तर शेतकऱ्याला भाव जास्त मिळतो की कमी? इथं तर विकणारेच एक झालेत, मग भाडं उतरेल कशानं?

उदाहरणच हवं तर स्पेनचं घ्या. माद्रिद-बार्सिलोना हायस्पीड मार्ग २००८ साली पूर्ण झाला आणि विमानाचे प्रवासी मोठ्या संख्येनं रेल्वेकडे गेले. पण भाडी खऱ्या अर्थानं पडली ती २०२१ साली 'उईगो' आणि २०२२ साली 'इर्यो' या नव्या कंपन्या त्याच रुळांवर उतरल्यावर. तिथं भाडं स्पर्धेनं पाडलं, युतीनं नाही.

या विषयावर चांगमिन जियांग आणि अनमिंग झांग यांचा २०१४ चा शोधनिबंध आहे. त्यांचं म्हणणं असं: ज्या मार्गावर विमान आणि रेल्वे आधी एकमेकांशी झुंजत होते, तिथं सहकार्यानंतर प्रवासी घटतात, पण जाळ्यातल्या इतर मार्गांवर वाढू शकतात. दोघं एकमेकांना फारसे पर्याय नसतील तर लोकांचा फायदा होतो. पक्के पर्याय असतील, तर मुख्य विमानतळ खरोखर तुंबलेला असेल तरच फायदा, नाहीतर बहुधा तोटा. कोलोन-फ्रँकफर्टला हे जमलं, कारण त्या विमानांतले बरेच जण पुढं दूरच्या देशी जाणारे होते आणि गाडी तासाभरात पोचवते. २००७ साली लुफ्तान्झानं त्या मार्गावरची विमानंच थांबवली.

कायद्याचं थोडक्यात. तो फ्रान्समध्ये आहे, अख्ख्या युरोपात नाही. रेल्वेनं अडीच तासांत जाता येत असेल तरच बंदी, आणि २०२३ साली ती लागू झाली तेव्हा पॅरिसच्या ओर्ली विमानतळाचे तीनच मार्ग त्यात आले: नांत, बोर्दो, लियों. पुढचं विमान पकडणाऱ्यांच्या उड्डाणांना सूट आहे.

राहिलं कऱ्हाड-कवलापूर. गाडीमुळं विमानतळावरच्या विमानं चढण्या-उतरण्याच्या वेळा मोकळ्या होतात, एवढं मान्य. पण मोकळी वेळ कंपनी जास्त पैसे देणाऱ्या मार्गाला वापरते, कवलापूरच्या जुन्या धावपट्टीला नाही. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, म्हणजे तुंबल्याचं कारणही हळूहळू सैल होणार. आणि बुलेट ट्रेनचं मुंबईतलं स्टेशन वांद्रे-कुर्ला संकुलात होतंय, विमानतळात नाही, म्हणजे फ्रँकफर्टसारखं गाडीतून उतरून थेट विमानाकडे जाता येणार नाही.

आपल्याला मागायचंच असेल तर दुसरं काही मागता येतं. सांगलीहून मुंबईला विमान नाही, म्हणजे इथं रेल्वे आणि विमान एकमेकांचे पर्यायच नाहीत. निबंध हायस्पीड रेल्वेचा असला तरी तर्क इथं तोच लागतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर द्या, आणि गाडी उशिरा पोचली तर पुढच्या विमानात जागा कोण देणार ते त्या तिकिटावर लिहा. खासदारांना पाठवायचं तर हे पाठवा. भाचीचं कोलोनपर्यंतचं रेल्वे तिकीट मी काल काढून दिलंय, विमान उतरल्यावर तीन तासांनंतरच्या गाडीचं.