'फुकट वाटतोय, मग कॉपीराइट कसला?' म्हणणाऱ्यांसाठी

नाशिकच्या इंजिनीअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज नुसता फिरतोय. म्हणे फेमस गेमचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, बनवा, कोड स्वतःचा लिहा, पैसे घेऊ नका, खाली 'सर्व हक्क मूळ कंपनीचे' असं टाका, की कोणी काही करू शकत नाही, आणि कंपनी परदेशातली, ती काय कॉलेज रोडवर येणारे का. यात थोडं खरं पण आहे, आणि पोरं फसतात ती त्यामुळेच.

"फुकट आहे म्हणजे चालतं." नाही चालत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रती लोकांपर्यंत पोचवायचा हक्कच मालकाचा आहे, तुम्ही शंभर रुपये घेतले का शून्य हे नंतर बघतात. कुठे बघतात, तर शिक्षेत. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि धंदा म्हणून केलेलं नसेल तर कोर्ट कारण लिहून ते कमी करू शकतं. कमी करू शकतं हां, माफ करतंच असं नाही. अर्जेंटिनातल्या एका डेव्हलपरने निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या जुन्या मेट्रॉइड गेमचा रिमेक कितीतरी वर्षं राबून बनवला, २०१६ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण फुकट सोडला, आणि काही दिवसांतच निन्टेन्डोच्या नोटिशीने डाउनलोड लिंका गेल्या.

"कोड माझा, मग गेम माझा." इथे जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. आयडियावर कॉपीराइट नसतो हे बरोबर, आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद केसमध्ये तेच सांगितलंय. मिसळ कोणीही करावी, पण शेजारच्या हॉटेलचं मेनूकार्ड जसंच्या तसं छापून वाटू नये. गेममध्ये कोड वेगळा, आणि चित्रं, आवाज, म्युझिक, लेव्हल, स्क्रीनची मांडणी हे वेगळं. आयफोनवर मिनो नावाचा, वरून पडणारे तुकडे रचायच्या टेट्रिससारखा गेम आला होता, बनवणाऱ्यांनी कायदा वाचून 'आम्ही फक्त नियम घेतले' असं म्हटलं, कोड त्यांचाच होता, तरी २०१२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या कोर्टात ते टेट्रिसच्या मालकांविरुद्ध हरले. तुकड्यांचे आकार, रंगांची स्टाईल, २० बाय १० चं मैदान, खाली सावली दिसणं, पुढचा तुकडा दाखवणं, एवढं सगळं सारखं ठेवायची गरज काय होती? पडणाऱ्या तुकड्यांचा गेम वेगळ्या रूपात बनवता आलाच असता.

मग कोणीतरी म्हणतं, डूम हा राक्षसांना गोळ्या घालायचा जुना गेम पण फ्री आहे की. अरे, कोड कंपनीने स्वतः १९९७ मध्ये खुला केला, १९९९ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आणला. राक्षस, नकाशे, आवाज खुले नाही केले. म्हणून तर त्याच कोडवर चालणारा मुक्त गेम बनवणाऱ्या फ्रीडूमवाल्यांनी ते सगळं नव्याने बनवलं.

"कंपनी परदेशात." बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे परदेशी कामाला इथेही संरक्षण मिळतं. कोलकात्याच्या दोन भावांचा स्क्रॅब्युलस, म्हणजे शब्द जुळवायच्या स्क्रॅबलसारखा ऑनलाइन गेम, आठवतो का, तोही फुकटच खेळायचा होता. स्क्रॅबलचे हक्क असलेली मॅटेल कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, २००८ मध्ये कोर्टाने बोर्डवरचा कॉपीराइटचा दावा त्या टप्प्यावर मान्य केला नाही पण नाव वापरायला मनाई केली, कारण ते 'स्क्रॅबल' या ट्रेडमार्कच्या फार जवळ होतं. तिकडे अमेरिकेत स्क्रॅबलचे हक्क असलेल्या हॅस्ब्रोने वेगळी केस टाकली होती. आज तो गेम लेक्स्युलस नावाने चालतो. आणि कोर्ट लांब राहिलं, बहुतेक वेळा आधी स्टोअरवाला किंवा होस्टिंगवालाच तक्रार आली की गेम काढून टाकतो.

'तीस टक्के बदललं की झालं' असंही काही जण म्हणतात, ते तर कुठल्याच कलमात नाही. आणि तो 'सर्व हक्क मूळ कंपनीचे' बोर्ड, तो तर आपणच लिहून दिलेला पुरावा, की दुसऱ्याचं आहे हे मला माहीत होतं. वर कलम ६३ मधला 'जाणूनबुजून' परत वाचा, राव.